सिम्युलेटरने न शिकवलेला जोर

10 मार्च 2019 रोजी इथिओपियात बोइंग 737 मॅक्स कोसळून 157 जणांचा मृत्यू झाला. नाक वर आणण्यासाठी वैमानिकांनी ट्रिमचे चाक हाताने फिरवून पाहिले. वेग इतका होता की हवेच्या दाबापुढे ते फिरेना.

सिम्युलेटरला हा दाब मोटरने निर्माण करावा लागतो. सेन्सर हाताचा जोर मोजतो, संगणक वेगानुसार विरोध ठरवतो. मॅक्सच्या सिम्युलेटरमध्ये हे चाक अशा स्थितीत प्रत्यक्षाइतके जड होत नव्हते. सॉफ्टवेअर दुरुस्त केल्याचे बोइंगने सांगितले, ते अपघातानंतर.

प्रमाणपत्र देताना दांड्याचा जोर खऱ्या विमानाच्या नोंदींशी ताडला जातो. क्वचितच लागणाऱ्या चाकालाही तीच कसोटी हवी. कारण ते लागते तेव्हा दुसरा उपाय उरलेला नसतो.