बंदुकीचा परवाना आणि नियम 3

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर 2024 मध्ये हत्या झाली आणि बीड जिल्ह्यात शस्त्रपरवाने किती सढळ हाताने वाटले गेले होते, याची राज्यभर चर्चा झाली. फेरतपासणीनंतर शंभरावर परवाने रद्द झाले. त्याच सुमारास वाशिम जिल्ह्यातील एका विहारातल्या बैठकीत एका तरुणाने आम्हाला विचारले, "दादा, आपल्याला भेटते का परवाना?"

कागदावर मिळतो. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येणार नाही, असे शस्त्र अधिनियम 1959 चे कलम 14 सांगते. पण बाजारात कोणते शस्त्र मिळेल हेही सरकारच ठरवते. 9 मिमीचे पिस्तूल, .38 चे रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हाती. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्यावर सहसा .32 चे शस्त्र येते. परदेशी शस्त्रांची व्यापारी आयात ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. साहजिकच किंमत चढी. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 मध्ये खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हाच ते सव्वा लाखाच्या घरात होते. सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या आमच्या कोणत्या बाईने ते घ्यावे? कायद्याने काढलेली मालमत्तेची अट किमतीने परत आणली.

दुसरा रस्ता अॅट्रॉसिटी कायद्याच्या 1995 च्या नियमांत आहे. नियम 3 प्रमाणे अत्याचाराची शक्यता असलेली क्षेत्रे आधी निश्चित करायची असतात. तिथे गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्रपरवाना देता येतो. भाषणात हे वाक्य आले की टाळ्या पडतात. (आम्हीही वाजवल्या आहेत.) पण त्याच नियमात त्याआधी लिहिलेले कुणी वाचून दाखवत नाही: या समाजांबाहेरील व्यक्तींचे, त्यांचे जवळचे नातेवाईक, नोकर आणि कुटुंबमित्र यांचेसुद्धा परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत.

आम्हाला हा भाग जास्त कामाचा वाटतो. वस्तीत एक रिव्हॉल्व्हर आले म्हणून गावातली दहा कमी होत नाहीत. उलट भांडण झाले की पहिला गुन्हा आपल्याच पोरावर लागायची भीती. बीडमध्ये प्रशासनाने मनावर घेतले आणि परवाने रद्द झाले, पण माणूस मारला गेल्यानंतर. नियम 3 त्याआधीसाठी आहे.

जिल्हास्तरीय दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीआधी लेखी विचारावे: जिल्ह्यातील कोणती गावे अत्याचारप्रवण ठरवली? अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल असलेल्या किती जणांकडे परवाना आहे? नियम 3 खाली आजवर किती रद्द केले? आणि बैठक झालीच नसेल, तर तेही लेखी घ्यावे.