तीस सेकंद तरी थांबा, राव!

सकाळी साडेसहाला पपया नर्सरीच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघणारा घोळका कधी नीट बघितलाय? हातात डबा, गळ्यात आयडी कार्ड आणि बहुतेकांच्या कानांत इअरफोन. कोणाला विचारा, 'काय ऐकतोयस?' उत्तर ठरलेलं. काल रील्सवर जे वाजत होतं तेच. परवा कोणाच्या तरी हळदीत वाजलं तेच, आणि येत्या गणपतीत डीजेवाला वाजवणार तेही तेच! अहो, कान आपले, डेटा पॅक आपला, मग गाणं निवडणार कोण? ते मोबाइल कंपनीचं कॉम्प्युटर!

म्हणून या आठवड्याचा आपला फंडा साधा आहे. सहा बँड. सगळे आपल्याच देशातले. सगळे इंडी. आता 'इंडी' म्हणजे इंडियन नव्हे हं, इंडिपेंडंट! म्हणजे हिरो-हिरॉइन स्वित्झर्लंडला पोचले म्हणून लिहिलेलं गाणं नाही. चार-पाच जणांना काहीतरी सांगायचं होतं, म्हणून त्यांनी ते लिहिलं, चाल लावली आणि वाजवलं. बऱ्याचदा पदरचे पैसे घालून.

मुंबई-पुण्याच्या मंडळींचं बरं असतं. तिथे असे बँड वाजवणारे क्लब आहेत. आपल्याकडे गंगापूर धरणाजवळचा सुलाफेस्ट २००८ मध्ये सुरू झाला, २०२० नंतर काही वर्षं बंद होता, २०२५ मध्ये परत आला. पण फेस्टिव्हल दोन दिवसांचा! उरलेल्या ३६३ दिवसांचं काय? त्यासाठीच ही यादी, खास सातपूरच्या शिफ्टप्रमाणे लावलेली.

फर्स्ट शिफ्ट : इंडियन ओशन, 'कंदिसा' (२०००)

सुरुवात पायापासून करू. दिल्लीचा हा बँड तुमच्या सीनियरला पाठ असेल, पण नुकत्याच जॉइन झालेल्या ट्रेनीने बहुधा ऐकलेलाच नसेल. 'कंदिसा' हे नाव ज्या गाण्याचं, ती केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. त्याच अल्बममध्ये गोरख पांडेंचं भोजपुरी 'हिल्ले ले' आहे. आणि 'माँ रेवा' आहे, नर्मदेचं गाणं. बँडचा बेसिस्ट राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काही वर्षं काम करून आला होता, ते गाणं तिथलंच. आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या कडेने वाहणारी तीच ती नर्मदा!

बँडचा गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेला. त्याचा आवाज ऐकायचा तर हाच अल्बम. सकाळी बसमध्ये अर्धवट झोपेत 'लीव्हिंग होम' लावा. शब्द नाहीतच, त्यामुळे डोक्याला ताप नाही. गेटवर पंचिंग करेपर्यंत गडी जागा!

लंच ब्रेक : अवियल, 'अवियल' (२००८)

अवियल ही केरळची भाजी. सगळ्या भाज्या एकत्र, वर खोबरं आणि दही. बँडचं संगीतही अगदी तसंच. तिथली लोकगीतं, मल्याळम शब्द आणि रेक्स विजयनची तुफान गिटार. 'नडा नडा' किंवा 'चेकेले' लावा आणि बघा, टेबलावर बोटं आपोआप वाजायला लागतात की नाही.

'पण शब्द कळत नाहीत ना!' हे मला दर वेळी ऐकावं लागतं. आता एक सांगू? केरळमधल्या उत्सवांत आणि निवडणुकीच्या मिरवणुकांत जो दणदणीत ढोल वाजतो, त्याला तिकडचे लोक काय म्हणतात ठाऊक आहे? 'नाशिक ढोल'! आपला ढोल ऐकायला त्यांना मराठी यावं लागलं नाही. मग त्यांचं रॉक ऐकायला आपल्याला मल्याळम कशाला हवं?

दुपारची सुस्ती : सोलमेट, 'शिलाँग' (२००५)

जेवण झालंय, एसी गार आहे, एक्सेल शीट संपत नाहीए. अशा वेळी ब्लूज! मेघालयातल्या शिलाँगचा हा बँड २००३ मध्ये सुरू झाला. गिटारवर रूडी वॉलांग, गायला टिप्रिती खारबंगार. तिचा आवाज एकदा ऐकला की विसरणं कठीण. २००७ मध्ये हे दोघे अमेरिकेत मेम्फिसला ब्लूजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वाजवून आले.

ब्लूज म्हणजे मुळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचं गाणं. कापसाच्या शेतात राबताना जे साचत गेलं, ते त्यातून बाहेर पडलं. त्यामुळे टार्गेट, ओव्हरटाइम आणि सुपरवायझरची कटकट या तिन्हींवर हा उतारा चालतो. स्वानुभव!

सेकंड शिफ्ट सुटल्यावर : स्वदेसी, 'चेतावनी' (२०२०)

आता जरा आवाज वाढवा. मुंबईची ही हिप-हॉप टोळी अनेक भाषांत रॅप करते. त्यातला एमसी मवाली मराठीत, आणि मराठी म्हणजे आपण बोलतो ती, निबंधातली नव्हे. याच टोळीने २०१९ मध्ये आरेच्या केलटीपाड्यातल्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं होतं. आदिवासी पाडा, जंगल आणि मेट्रोची कारशेड हा त्याचा विषय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरेतली झाडं रातोरात तोडली गेली. पुढे कारशेडही तिथेच झाली.

गाण्याने झाडं वाचली नाहीत. मग उपयोग काय, असं कोणी विचारेल. उपयोग हा, की आपण ते गाणं लावतो तेव्हा पाड्यावरचा माणूस स्वतः बोलतो. टीव्हीवरच्या चर्चेत त्याच्या वाट्याला किती वेळ येतो? सातपूरहून त्र्यंबक रोडने पुढे निघालात की तासाभराच्या टप्प्यात आपलेही वारली पाडे लागतात. विकेंडला पावसाळी ट्रिपला त्याच रस्त्याने जातो आपण, काच वर करून.

स्वदेसीचा एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये गेला. वय अवघं २४. त्याचा स्वतःचा 'ट्रुथ अँड बेस' हा अल्बम त्याच महिन्यात आला होता. तोही ऐका.

नाइट शिफ्ट : पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, 'बिस्मिल्लाह' (२०१९)

नाव कंपनीचं, पण आहे बँडच. दिल्लीचा. गायक सूर्यकांत सॉनीचा आवाज ऐकून वाटतं, जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमातल्या हॉटेलात कोणीतरी इंग्रजीत गातंय. पाठीमागे ब्रास बँड, मध्येच वॉल्ट्झचा ठेका. पहाटे तीनला मशीनचा घरघराट सोडला तर सगळं सातपूर शांत असतं, तेव्हा टी-ब्रेकमध्ये ऐकायची ही चीज. (मशीनवर असताना मात्र इअरफोन नको हं. सेफ्टी फर्स्ट!) या बँडची गाणी सावकाश खुलतात. घाई असेल तर वाटेला जाऊ नका.

साप्ताहिक सुट्टी : पुणे आणि पंढरपूर

सुट्टीच्या सकाळी उशिरा उठून, चहाचा मोठा मग घेऊन, इझी वाँडरलिंग्ज. पुण्याचा बँड, अल्बम 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' (२०१७). इंग्रजी गाणी, मऊसूत सूर, कुठे आरडाओरडा नाही. 'हे पुण्यात बनतं?' असा प्रश्न पडेल. हो, बनतं!

आणि हा सातवा बँड बोनस. अभंग रिपोस्ट. मुंबईची मराठी पोरं, गिटार-बेस-ड्रम्सवर अभंग गातात. तुकोबांचे शब्द आणि रॉकचा ठेका. घरात आईबाबा असतील तर स्पीकरवर लावा. पहिल्या मिनिटाला 'हे काय नवीन?' अशी नजर येईल. पुढे बाबाच गुणगुणायला लागले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. शब्द त्यांना आपल्यापेक्षा चांगले पाठ असतात.

आता जरा हिशेबाचं बोलू

यादी झाली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. आपण दिवसभर कॉस्टिंग आणि मार्जिन करणारी माणसं, तर एकदा गाण्याचंही कॉस्टिंग बघूच.

स्पॉटिफायवर गाणं निदान ३० सेकंद वाजलं, तरच ते 'ऐकलं' असं धरतात. म्हणजे सुरुवातीचं म्युझिक लांबलंय म्हणून पंचविसाव्या सेकंदाला तुम्ही पुढचं गाणं लावलंत, तर त्या बँडच्या खात्यात भोपळा! बरं, २०२४ पासून आणखी एक नियम आहे. मागच्या १२ महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा वाजलं नसेल, तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. शिवाय ऐकणारी माणसंही पुरेशी वेगवेगळी लागतात. किती, ते कंपनी सांगत नाही.

हजार हा आकडा सिनेमाच्या गाण्याला किरकोळ. पण नवख्या बँडसाठी तोच उंबरठा. आता हे गणित बघा. तुमच्या बसमधल्या दहा जणांनी एक गाणं आठवड्यातून फक्त दोनदा ऐकलं, तर वर्षाला १,०४० वेळा होतं. एका बसमधले दहा जण! नाशिकच्या एमआयडीसीत अशा बस किती, ते तुम्हीच मोजा. करोडो व्ह्यूजवाल्या गाण्याला तुमच्या ऐकण्याने काही फरक पडत नाही. इथे पडतो. तेही खिशाला एक रुपया जास्तीचा न लागता.

आणि खिशात हात घालायची तयारी असेल तर आणखी उत्तम. बँडकँपसारख्या साइटवर अल्बम सरळ बँडकडून विकत घेता येतो. डिजिटल विक्रीवर साइट साधारण १५ टक्के कापते, पेमेंटचा थोडा खर्च जातो, उरलेलं बँडचं. तुम्हाला हवा तो बँड तिथे आहे का, ते आधी बघा. एका पिझ्झाच्या किमतीत अल्बम येतो. पिझ्झा रात्रीपुरता, अल्बम कायमचा!

तिसरा मार्ग तिकिटाचा. इंडियन ओशनने २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड' या अल्बमची गाणी दर महिन्याला एक अशी चक्क फुकट देऊन टाकली होती. अल्बम फुकट दिल्यावर बँडचं पोट कशावर चालणार? लाइव्ह शोवर. म्हणूनच 'पास आहे का रे एखादा?' हा आपला लाडका प्रश्न बँडला सगळ्यात महागात पडतो.

आणि तिकिटाची ही गोष्ट नाशिकला नवी नाही बरं का. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर दरबाराचा आश्रय सोडून बाहेर पडले आणि तिकीट लावून लोकांसमोर गायले. गवयाने तिकीट लावावं, हे तेव्हा भलतंच वाटायचं. ५ मे १९०१ ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही कोणा संस्थानिकाच्या खजिन्यावर नाही, तर मैफलींच्या कमाईवर आणि लोकांच्या देणग्यांवर. उत्तरायुष्यात ते इथे नाशिकला येऊन राहिले, रामनाम आधार आश्रम काढला. आजच्या भाषेत बोलायचं तर बुवा एकदम इंडी! राजा खूश व्हायची वाट न बघता गायचं असेल, तर तिकीट काढणारा श्रोता लागतो. शंभर वर्षं उलटली, गणित तेच आहे.

मग करायचं काय? सोप्पं आहे. या यादीतला एक, फक्त एकच अल्बम निवडा. आठवडाभर तोच. गाणी उलटसुलट न करता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आवडला तर बसच्या ग्रुपवर टाका, नाही आवडला तर पुढचा घ्या.

आणि एक कामगिरी एचआरमध्ये ओळख असलेल्यांसाठी. यंदाच्या अ‍ॅन्युअल डेला ऑर्केस्ट्रा येणारच आहे, येऊ दे. पण त्याच्या आधी अर्धा तास स्वतःची गाणी वाजवणाऱ्या एखाद्या लोकल बँडला द्या. योग्य ते मानधन देऊन, 'एक्स्पोजर मिळेल' असं सांगून नव्हे! क्वालिटी डिपार्टमेंटमधला तो गप्प गप्प असणारा गिटारवाला कदाचित त्याच बँडमध्ये निघेल. आणि त्या रात्री कँटीनच्या हॉलमध्ये शंभर जण बसले, तर त्याच्यासाठी तो वर्षातला सगळ्यात मोठा शो असेल.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोपर्यंत तानसेन होणं जमलं नाही तरी चालेल, कानसेन व्हा. आणि प्लीज, निदान तीस सेकंद थांबा!