काळी फिल्म, वाकडी काच आणि घाटाचा रस्ता

पावसाळ्यातील शनिवार-रविवारी पुण्याहून निघालेल्या मोटारींची रांग नसरापूर फाट्यावरून आत वळते. काही गाड्या राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याकडे जातात, काही मार्गासनीवरून तोरण्याखालच्या वेल्ह्याला. उरलेल्या महामार्गाने कापूरहोळपर्यंत जाऊन भोर, भाटघर आणि तेथून वरंध घाटाची वाट धरतात. या गाड्यांपैकी अनेकींच्या मागच्या काचेवर फिल्म असते. ती कायदेशीर की बेकायदा, या प्रश्नाचे उत्तर २०१२ मध्ये एक होते आणि आज दुसरे दिले जाते. या दोन उत्तरांच्या मधल्या संदिग्धतेत दुकानदार, वाहनचालक आणि पोलिस असे तिघेही वावरत आहेत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील शंभरावा नियम सांगतो की, पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला. हे प्रमाण काच कारखान्यातून बाहेर पडतानाचे आहे, नंतर तिच्यावर कोणतीही फिल्म चिकटवण्यास नियमात जागा नाही, मग ती कितीही पारदर्शक असो, असा त्या निकालाचा अर्थ होता. काळ्या काचांआड होणारे गुन्हे आणि अपघात ही न्यायालयापुढची मुख्य चिंता होती. सूट मिळाली ती केवळ ‘झेड’ आणि ‘झेड प्लस’ सुरक्षा असलेल्यांच्या गाड्यांना, तीही समितीच्या परवानगीने. गावोगावच्या स्वयंघोषित मान्यवरांनी ही सूट स्वतःलाही लागू करून घेतली, हा भाग वेगळा.

त्यानंतर नियमच बदलला. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आणला. आतल्या बाजूस प्लास्टिकचा थर असलेली काच त्यात बसते, मात्र ती भारतीय मानकाप्रमाणे असली पाहिजे. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये याच दुरुस्तीच्या आधारे सांगितले की, ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म लावल्याबद्दल वाहनमालकाला दंड करता येणार नाही. हा निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही. तरी ‘आता फिल्म चालते’ एवढेच त्याचे सार लोकांच्या कानी पडले. मर्यादा पाळणारी, हे विशेषण वाटेतच गळाले.

अडचण आकड्यांची आहे. फिल्मच्या डब्यावरचे ‘७० टक्के’ हे एकट्या फिल्मचे प्रमाण असते. मोटारीची कारखान्यातील हिरवट काच स्वतःच साधारण पाऊण भाग ते ऐंशी टक्के प्रकाश आत सोडते. ७८ टक्क्यांच्या काचेवर ७० टक्क्यांची फिल्म चढवली की दोहोंचा गुणाकार होतो आणि सुमारे ५५ टक्के उरतात. म्हणजे ग्राहकाने ‘नियमातली’ म्हणून विकत घेतलेली फिल्म मागच्या काचेवर चढताच नियमाबाहेर जाते. तीच काच ७० टक्क्यांवर ठेवायची, तर फिल्मने सुमारे ९० टक्के प्रकाश सोडायला हवा. अशी फिल्म डोळ्यांना जवळपास पांढरीच दिसते. उकाडा अडवण्यासाठी काळोखाची गरजही नाही. सूर्याच्या उष्णतेचा मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असतो आणि चांगली सिरॅमिक फिल्म मुख्यतः तोच रोखते. पण गिऱ्हाईक दुकानात शिरते ते ‘काळी करून द्या’ म्हणत.

मागच्या काचेची गोष्ट बाजूच्या काचांहून निराळी आहे. बाजूची काच जवळपास सपाट असते. मागची काच आडवी वाकलेली असते आणि उभीही. सपाट कागद चेंडूवर गुंडाळला की कडेला चुण्या पडतात, तसेच येथे होते. त्या चुण्या घालवण्यासाठी कारागीर फिल्म आधी काचेच्या बाहेरच्या बाजूस पसरतो. पॉलिस्टरची ही फिल्म तापली की रुळाच्या लांबीच्या दिशेने अधिक आक्रसते. म्हणून रुळाची लांबी काचेच्या रुंदीवर आडवी धरतात आणि जास्तीची फिल्म वरच्या व खालच्या कडेला उभ्या चुण्यांत जमवतात. मग हीटगन फिरवत एकेक चुणी जिरवत नेतात. जुनी पद्धत साबणाच्या पाण्यावर फिल्म तरंगती ठेवून रबरी पट्टीने चुणी दाबण्याची. सरावलेले हात कोरड्या काचेवर टाल्कम पावडर लावतात, मधोमध व दोन्ही कडांना ओला पट्टा ओढून फिल्म धरून ठेवतात आणि उरलेली मोकळी आक्रसू देतात. फिल्मने काचेचा आकार घेतला, की ती कापून, मागचा कागद सोलून आतल्या बाजूस चिकटवली जाते.

वाचताना सोपे वाटणारे हे काम हातातल्या अंदाजावर चालते. बंदूक एका जागी क्षणभर जास्त थांबली तर फिल्म करपते, तिच्यावर कायमची सुरकुती राहते. काच एकाच ठिकाणी फार तापली तर तडकते, आणि मागची काच टफन्ड असल्याने ती तडकली की तिचा चुराच होतो. कमी तापवली तर चुणी जिरत नाही. आठवड्याभराने कडेला हवेचे फुगे दिसू लागतात. नियम प्रकाशाचे प्रमाण विचारतो. काचेतून दिसणारी आकृती सरळ आहे की लाटांसारखी हलते, हे मात्र रस्त्यावर कोणी तपासत नाही. रात्री मागून येणाऱ्या गाडीचे दोन दिवे अशा सुरकुतीतून चार दिसतात, आणि अंतराचा अंदाज तेथेच चुकतो.

पुण्याच्या उजळलेल्या रस्त्यांवर हे फारसे जाणवत नाही. भोर आणि वेल्हे तालुक्यांत जाणवते. (वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, तरी लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे.) पाबे घाटात किंवा मढे घाटाकडे जाताना समोरून एसटी आली की लहान गाडीला मागे यावे लागते. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे उतार आणि मागे उजेड फक्त रिव्हर्सच्या दिव्याचा. वरंध घाटात तर दरडींमुळे पावसाळ्यात वाहतूक वारंवार बंद ठेवावी लागते. जे दिवस रस्ता उघडा असतो, त्यांत धुके असते. रिव्हर्स सेन्सर जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीचे आहेत आणि अनेकींत कॅमेराही असतो. पण सेन्सर मागे उभी असलेली वस्तू सांगतो, तुटलेली साइडपट्टी नाही. कॅमेऱ्याच्या भिंगावर चिखल उडाला की मागच्या काचेशिवाय आधार उरत नाही.

याच काचेवर आतून डीफॉगरच्या बारीक तारा छापलेल्या असतात. धुक्यात आणि पावसात काचेवर साठणारी वाफ त्या घालवतात. फिल्म त्यांच्यावरच चिकटते. पुढे केव्हातरी ती सोलताना ब्लेड लागले किंवा जोरात ओढली गेली, तर तार तुटते आणि डीफॉगरचा तेवढा पट्टा निकामी होतो. नाकाबंदीत रस्त्याच्या कडेला फिल्म तेथल्या तेथे काढायला लावण्याची रीत आहे. बाजूच्या काचेच्या बाबतीत तिने फारसे बिघडत नाही. मागच्या काचेवर मात्र, प्रकाश वाढवण्यासाठी केलेली कारवाई पुढच्या पावसाळ्यात चालकाची नजरच धूसर करून ठेवू शकते. फिल्म काढायचीच असेल, तर ती वाफेने सैल करून काढता येते. त्यासाठी नोटीस आणि दोन-चार दिवसांची मुदत पुरेशी आहे.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनंतर कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. शनिवार-रविवारच्या सहलीचा खर्च पाहता ही रक्कम कोणाला अडवणारी नाही. खरा प्रश्न दंडाआधीच्या मोजणीचा आहे. २०१२ च्या निकालानुसार मीटर लागत नव्हता, कारण फिल्म दिसली की गुन्हा सिद्ध होत असे. नव्या नियमाचा आधार घेणाऱ्या चालकाशी त्याच पद्धतीने बोलता येत नाही. काचेतून आरपार जाणारा प्रकाश मोजणारे मीटर हातात मावतात. मागची काच स्थिर असते, खाली सरकत नाही, म्हणून तिच्यासाठी दोन भागांचा मीटर लागतो, एक भाग आत आणि एक बाहेर. असा मीटर नाक्यावर नसेल, तर वाद कोणत्या न्यायालयाचा निकाल मानायचा यावरच अडकून राहतो.

दुकानदाराकडेही तोच मीटर असायला हवा, आणि मोजणी व्हायला हवी ती फिल्म चढल्यानंतर, काचेसकट. बिलावर डब्यावरचा आकडा लिहून मिळतो, चढलेल्या काचेचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने किंवा सर्वोच्च न्यायालयाने नव्या नियमाचा अर्थ उद्या कसाही लावला, तरी ७० टक्क्यांचा आकडा दोन्ही बाजूंना मान्य आहे. केरळचा निकालही त्याखाली गेलेला नाही.