गेल्या महिन्याचा प्रत्यक्ष खर्च

पगाराच्या या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर कोणा हितचिंतकाने मासिक अंदाजपत्रकाचा एक तक्ता लावला असून, उत्पन्नाचा निम्मा भाग गरजांना, तीस टक्के हौसेला आणि वीस टक्के बचतीला, अशी वाटणी त्यात परस्पर ठरवून टाकली आहे. एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांची कन्या अमेलिया वॉरेन त्यागी यांनी 2005 साली अमेरिकन कुटुंबांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून हे प्रमाण सर्वत्र पसरले. परंतु नेरूळ-तळोज्याच्या संसाराला ते जसेच्या तसे लागू करणे हा मला उघड अन्याय वाटतो.

सिडकोने ऑक्टोबर 2024 मध्ये 26 हजार घरांची योजना जाहीर करून पुढील जानेवारीत किमती प्रसिद्ध केल्या, तेव्हा तळोज्यात आर्थिक दुर्बल घटकांसाठी राखलेले घरही सुमारे 25 लाखांचे निघाले. आणि या घटकाची उत्पन्नमर्यादा वार्षिक 6 लाख, म्हणजे दरमहा फार तर 50 हजार. घराच्या किमतीपैकी 20 लाख कर्जाऊ घेतले, तर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता सव्वासतरा हजारांवर जातो, आणि तक्त्याने गरजांसाठी मंजूर केलेल्या 25 हजारांतून धान्य, भाजीपाला, वीजबिल, रेल्वेचा पास, शाळा व औषधपाणी यांच्या वाट्याला पावणेआठ हजारही उरत नाहीत. ताबा मिळेपर्यंत भरावे लागणारे घरभाडे यात धरलेलेच नाही.

याउलट आपल्या महापालिकेचे अंदाजपत्रक पाहावे. त्यातील पहिली रक्कम अपेक्षित उत्पन्नाची नसून आरंभीच्या शिलकेची असते; शिवाय पुढील वर्षाच्या अंदाजाशेजारी चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि गतवर्षीचा प्रत्यक्ष जमाखर्च मांडावा लागत असल्यामुळे, एखाद्या लेखाशीर्षाखाली वाढीव तरतूद मागणाऱ्या अधिकाऱ्याला मागील वर्षी आपल्या हातून काय खर्च झाले, याचा जाब त्याच पानावर द्यावा लागतो. पेशवाईच्या दफ्तरांतही अजमासाबरोबर ताळेबंद असेच. आपल्या घरांत मात्र अजमास तेवढा दरमहा नव्या उमेदीने लिहिला जातो आणि ताळेबंद कोणी मांडतच नाही. त्यामुळे गतमासी सात हजार लागलेल्या किराण्यासाठी या महिन्यातही पाच हजारच धरले जातात, आणि पंचवीस तारखेला येणारी तूट गृहिणीच्या माथी मारली जाते. ती तूट तिच्या उधळेपणाची नसून त्या खोट्या आकड्याची असते, हे मी पूर्वीही लिहिले आहे आणि पुन्हा लिहितो.

रोजचा खर्च वहीत लिहावा, हा माझा जुनाच आग्रह आहे. 2016 साली यूपीआय आले आणि भाजीच्या हातगाडीपर्यंत पोहोचले, तेव्हापासून हातातून नोट सुटतानाची जाणीव नाहीशी होऊन किरकोळ खर्च बेसुमार वाढला, असे माझे ठाम मत आहे. मोबाइलमध्ये प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ती नोंद महिनाअखेर उघडून बेरीज करणारे घर माझ्या पाहण्यात अद्याप आलेले नाही.

जूनमधील शाळेची फी, विम्याचा हप्ता, मालमत्ता कर, गणपतीला गावी जाण्याचा खर्च, यांना आकस्मिक म्हणण्याची पद्धतही आता सोडावी. गणेश चतुर्थीची तिथी पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. अशा ठरलेल्या वार्षिक खर्चांचा बारावा हिस्सा दरमहा बाजूला काढण्याचा रकाना त्या तक्त्यात कुठेही नाही, आणि तो घालून तक्ता नव्याने लावावा, अशी लेखी विनंती मी सोसायटीच्या कार्यकारिणीकडे दिली आहे.