विमा उतरविला, पण कशाचा?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून आयुष्य घालविलेले एक गृहस्थ निवृत्तीनंतर तेथे घर बांधून राहिले होते. पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. आवाजात खचलेपणा नव्हता. "सर, घर उभे आहे, सामान सगळे गेले, पण विमा आहे," असे ते म्हणाले. पुढे दीड-दोन महिन्यांनी विमा कंपनीचे पत्र घेऊन ते माझ्याकडे आले. विमा होता, हे खरेच; परंतु तो घरकर्ज देताना बँकेने उतरवून घेतलेला होता आणि तो केवळ इमारतीचा होता. गाद्या, कपाटे, फ्रिज, पत्नीचे शिवणयंत्र, वर्षाचे धान्य यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नव्हता. भिंतींच्या दुरुस्तीपोटी जी अल्प रक्कम मंजूर झाली, ती करारानुसार कर्जखात्यात जमा झाली. विमापत्र त्यांनी त्या दिवसापर्यंत पाहिलेही नव्हते. ते बँकेच्या फाइलीत सुरक्षित होते.

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांना मी विम्याचा सिद्धान्त अनेक वर्षे शिकविला. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, व्यवहारातील एका पक्षाला दुसऱ्यापेक्षा अधिक माहिती असली म्हणजे बाजारच नासतो. विम्याच्या बाबतीत ही अधिक माहिती विमेदाराकडे असते, असे पाठ्यपुस्तके धरून चालतात. आपला धोका किती हे त्यालाच ठाऊक असते, तो ते लपवितो, आणि विमा उतरल्यावर निष्काळजी होतो, असा हा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही. पण अर्धा आहे. चिपळूणच्या त्या घराच्या बाबतीत अज्ञान कोणाच्या बाजूला होते? करार कंपनीने लिहिला, अपवाद कंपनीने घातले, शब्दांच्या व्याख्याही कंपनीनेच केल्या. विमेदाराने काय केले, तर हप्ता भरला. सामान्य कुटुंबाच्या विम्यात अज्ञान हे बहुतेक वेळा विमेदाराच्याच पदरी असते आणि त्याची किंमत त्याला नेमकी संकटाच्या दिवशी मोजावी लागते. म्हणून विमापत्राचा अर्थ अपघातानंतर नव्हे, तर हप्ता भरण्यापूर्वी समजून घ्यावयास हवा. माझे सारे म्हणणे एवढेच आहे. पुढील सूचना त्याचाच विस्तार आहेत.

प्रथम घराचा विचार करू. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशात 'भारत गृह रक्षा' नावाचे प्रमाणित विमापत्र उपलब्ध झाले आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल इत्यादी आपत्तींपासून ते संरक्षण देते. येथे पहिला प्रश्न रकमेचा येतो. विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर नव्हे, तर ते पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरवावयाची असते. शहरातील सदनिकेच्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा असतो, आणि जमीन जळत नाही. ७०० चौरस फुटांच्या सदनिकेचा बांधकाम खर्च चौरस फुटास २,५०० रुपये धरला, तर विमा साडेसतरा लाखांचा पुरतो. सदनिका ऐंशी लाखांना घेतली म्हणून ऐंशी लाखांचा हप्ता भरण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न सामानाचा. या विमापत्रात इमारतीबरोबर सामानाचाही विमा घेतल्यास इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, मात्र १० लाखांपर्यंत, इतके संरक्षण सामानाला आपोआप मिळते. वरच्या उदाहरणात ते साडेतीन लाख होईल. परंतु बँकेने कर्जाबरोबर घेतलेला विमा केवळ इमारतीचा असू शकतो. तेव्हा घरकर्ज असणाऱ्या प्रत्येकाने बँकेकडून विमापत्राची प्रत मागून घ्यावी आणि सामानाचा त्यात समावेश आहे की नाही, हे शब्द शोधून पाहावे. भाडेकरूलाही केवळ सामानाचा विमा घेता येतो, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते.

तिसरा प्रश्न चोरीचा. पूर किंवा आग यांसारखी आपत्ती घडल्यानंतर सात दिवसांच्या आत, तिच्यामुळे झालेली चोरी या विमापत्रात येते. एरव्ही घर बंद असताना पडलेल्या दरोड्यासाठी घरफोडीचा वेगळा विमा लागतो. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठीही वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते.

सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. महाराष्ट्रातील अशा संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग व भूकंप यांविरुद्ध विमा उतरविण्याची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे. तो उतरविला आहे काय, किती रकमेचा, आणि पुराचा त्यात समावेश आहे काय, हे तीन प्रश्न येत्या वार्षिक सभेत अवश्य विचारावेत. चहापानाच्या खर्चावर जी सभा अर्धा तास घालविते, तिने यासाठी पाच मिनिटे द्यावीत, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

आता वाहनाकडे वळू. वाहनाच्या विम्याचे दोन भाग असतात आणि त्यांचा हेतू अगदी भिन्न आहे. थर्ड पार्टी विमा हा आपल्यासाठी नसतोच; आपल्या वाहनाने ज्याला धक्का लागेल त्या पादचाऱ्यासाठी, सायकलस्वारासाठी तो असतो. म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा केला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विम्याविना वाहन चालविल्यास पहिल्या वेळी २,००० व पुन्हा घडल्यास ४,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु दंडाचे भय हे खरे कारण नव्हे. विमा नसलेल्या दुचाकीने एखाद्या हमालाचा पाय मोडला, तर मालकाच्या खिशात काही नसते, आणि हमालाच्या घरी चूल पेटत नाही. थर्ड पार्टीचा हप्ता चुकविणारा माणूस स्वतःचे पैसे वाचवीत नाही, तर दुसऱ्याच्या संसारावर जुगार खेळतो.

याचा अर्थ केवळ थर्ड पार्टी विमा असलेल्याची स्वतःची गाडी आपटली, तर त्याला दमडीही मिळणार नाही. ते संरक्षण स्वतंत्र आहे, आणि त्यात तीन गोष्टी पाहावयाच्या. एक, वाहनाची विमित किंमत, म्हणजे आयडीव्ही. ती उत्पादकाच्या विक्री-किमतीतून घसारा वजा करून ठरते. हा घसारा एक ते दोन वर्षांच्या गाडीस २० टक्के, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीस ५० टक्के असतो. हप्ता कमी दिसावा म्हणून ही किंमत मुद्दाम खाली आणली जाते. गाडी चोरीला गेली की त्या स्वस्ताईचा अर्थ कळतो. दोन, सुट्या भागांवरील घसारा. रबर, प्लास्टिक, टायर व बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के रक्कम कापली जाते. काचेवर काही कापले जात नाही. आजच्या गाडीत प्लास्टिक किती असते हे पाहता, नव्या गाडीसाठी 'झिरो डेप' हे जादा संरक्षण घेणे हिताचे ठरते. तीन, पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून हा प्रश्न दर पावसाळ्यात उभा राहतो. पाण्यात बुडालेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी जाऊन ते निकामी झाले, तर हे नुकसान पुराने नव्हे, चालकाच्या कृतीने झाले असे म्हणून दावा नाकारला जातो. इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर पाण्यातली गाडी सुरू न करता ओढून न्यावी. मी स्वतः एकदा किल्ली फिरविली होती. तो धडा मला फार महाग पडला.

नो क्लेम बोनसचेही गणित समजून घ्यावे. दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के व पुढे वाढत ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते; एक दावा केला की ती शून्यावर येते. तेव्हा दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करण्यापूर्वी आकडेमोड करावी. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. गाडी विकताना तो नव्या गाडीसाठी मागून घ्यावा. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर तो बुडतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

प्रत्यक्ष नुकसान झाल्यावर काय करावे? हलविण्यापूर्वी वस्तूंची छायाचित्रे घ्यावीत. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी. चोरी असेल तर पोलिसांत ताबडतोब फिर्याद नोंदवावी. फिर्याद वेळेवर दिलेली असताना केवळ कंपनीला कळविण्यास उशीर झाला, एवढ्यावरून खरा दावा नाकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली वाहनचोरीच्या प्रकरणात दिला आहे. सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागावी. 'संपूर्ण व अंतिम' असे शब्द असलेल्या पावतीवर सही करण्याची घाई करू नये. रक्कम कमी वाटत असेल तर हक्क राखून स्वीकारल्याचे लिहून द्यावे. दावा नाकारल्यास कोणत्या कलमाखाली नाकारला, हे लेखी मागावे. तोंडी नकार हा नकारच नव्हे.

त्यानंतर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. २०२३ पासून ५० लाखांपर्यंतचे दावे त्यांच्या कक्षेत येतात, मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावयास हवा. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. ग्राहक आयोगाचा मार्ग तर खुला आहेच.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की, एवढी सावधगिरी एकट्या विमेदाराने का बाळगावी? प्रश्न रास्त आहे. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अंमलात आले, १०७ कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन चार सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा विमा ही समाजाने एकमेकांची जोखीम वाटून घेण्याची व्यवस्था आहे, असा विश्वास त्यामागे होता. त्या कंपन्यांचा कारभार निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. तिष्ठत बसलेले विमेदार मी पाहिले आहेत. १९९९ च्या कायद्याने क्षेत्र खासगी भांडवलास खुले झाले, परदेशी मालकीची मर्यादा पुढे वाढत गेली, आणि स्पर्धेने ग्राहक राजा होईल असे सांगण्यात आले. स्पर्धा आली, पण ती मुख्यतः हप्ता स्वस्त दाखविण्याची आली. विमापत्राची भाषा मात्र सामान्य माणसाला होती तेवढीच अगम्य राहिली. ज्या राजाला फर्मान वाचता येत नाही, तो कसला राजा?

म्हणून सार्वजनिक मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक विमापत्राबरोबर काय मिळेल आणि काय मिळणार नाही, याचे एक पान मराठीत, ठळक अक्षरांत, हप्ता घेण्यापूर्वी दिले जावे. कर्जासोबत विमा देणाऱ्या बँकेने त्याची प्रत कर्जदाराच्या हाती ठेवणे बंधनकारक व्हावे. गृहनिर्माण संस्था, कामगार संघटना, ग्राहक पंचायती यांनी आपल्या सभासदांची विमापत्रे एकत्र बसून वाचावीत. एकट्याला जे कलम कळत नाही, ते दहाजणांत कोणाला तरी कळते.

चिपळूणच्या त्या गृहस्थांच्या हाती शेवटी काही लागले नाही, कारण करारात ते नव्हतेच. त्यांनी पुढल्या वर्षी सामानाचा विमा घेतला. या वेळी विमापत्र बँकेत नाही, त्यांच्या देवघराच्या फळीवर, पाण्याच्या रेषेहून उंच ठेवलेले आहे; आणि त्यातल्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे.