दुकानाचें नांव

शाळा सोडून जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण नोकरीची वाट पाहत न बसतां स्वतःचें लहानसें दुकान थाटतात, ही गोष्ट आम्हांस संतोषाची वाटते. कोणी किराण्याचें, कोणी कापडाचें, कोणी वह्यापुस्तकांचें, तर कोणी मोबाइलदुरुस्तीचें दुकान काढतो. वडिलांना निवृत्तीच्या वेळीं मिळालेला पैसा, आईचे दागिने किंवा बँकेचें कर्ज, एवढेंच काय तें भांडवल असतें. जागा, माल, फळ्या, दिवे ह्यांचा विचार महिनेच्या महिने चालतो. आणि नांव मात्र पाटी रंगविणारा दारांत येऊन उभा राहिला म्हणजे घाईघाईनें ठरतें. आमच्या मतें ही चूक महागांत पडणारी आहे. जागा न परवडली तर बदलतां येते, माल न खपला तर बदलतां येतो; परंतु दहा वर्षें लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव बदलणें म्हणजे पुन्हां पहिल्या दिवसापासून आरंभ करणें होय. म्हणून ह्या विषयावर विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावे, असें आम्हीं योजिलें आहे.

दुकानाचें नांव ही शोभेची वस्तु नसून तो गिऱ्हाइकास दिलेला शब्द आहे, हें आमचें मुख्य म्हणणें होय. दिलेला शब्द पाळावा लागतो. आणि दुसऱ्याच्या वतीनें शब्द देण्याचा आपणांस अधिकार नसतो. ह्या दोन गोष्टी ध्यानांत ठेविल्या म्हणजे नांव कसें असावें व कसें नसावें, ह्याचा पुष्कळसा उलगडा होतो.

आमच्या प्रांतांतील जुन्या व्यापाऱ्यांनीं बहुधा आपलें आडनांवच पाटीवर घातलें. सांगलीस १८३२ सालीं सुरू झालेली गाडगिळांची सराफी पेढी, बेळगांवीं १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं काढलेलें सायकलींचें दुकान, पुण्यांत १९५० सालीं निघालेलें चितळे बंधूंचें मिठाईचें दुकान, हीं उदाहरणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. ह्या नांवांत चमत्कृति कांहींच नाहीं. परंतु घराण्याचें नांव दारावर लाविल्यावर वजनांत खोट करणें किंवा ताज्या मालांत शिळा मिसळणें म्हणजे वाडवडिलांस बट्टा लावणें होतें. आणि ही धास्ती पुष्कळ वेळां सरकारी तपासनिसापेक्षां अधिक काम करते. दुसरा लाभ असा, कीं आडनांव एकाच मालाला बांधलेलें नसतें. किर्लोस्करांच्या नांवावर आधीं सायकली विकल्या गेल्या, आणि पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगरही विकले गेले. तेंच नांव सायकलीवरून ठेविलें असतें, तर नांगर विकतांना तें अंगाला आखूड झालें असतें.

मात्र आडनांवाच्या वाटेवरही एक कांटा आहे. भाऊ वेगळे झाले म्हणजे नांव कोणाचें? आपलें खरें नांव प्रामाणिकपणें वापरण्यास १९९९ चा व्यापारचिन्हांचा कायदा सर्वसाधारणपणें आडकाठी करीत नाहीं. त्यामुळें एकाच घराण्याच्या दोन-तीन पेढ्या नांवापुढें एखादा निराळा शब्द जोडून चालतांना आपण पाहतों. गिऱ्हाईक गोंधळतें, आणि घरांतली भाऊबंदकी चव्हाट्यावर येते. ह्यासाठीं भागीदारीचा कागद करतांना नफ्याच्या वांट्याबरोबर नांवाचाही निकाल लिहून ठेवावा, असें आम्ही पालकांस आग्रहानें सांगतों.

ज्यांस आडनांव नको असेल, त्यांनीं बढाईचें नांव तरी घेऊं नये. 'नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा' ही म्हण आपल्या घरोघरीं उगीच रुळलेली नाहीं. सहा फुटांच्या गाळ्यास 'महाबाजार' म्हटल्यानें गाळा वाढत नाहीं. आंत शिरणाऱ्याची निराशा मात्र वाढते. शिवाय 'शुद्ध', 'उत्तम', 'स्वस्त' अशा केवळ गुणवाचक शब्दांवर कायदाही सहसा कोणा एकाचा हक्क मानीत नाहीं. समोरचा दुकानदार उद्यां तोच शब्द आपल्या पाटीवर लिहूं शकेल, आणि आपणांस कांहीं बोलतां येणार नाहीं.

ह्याहून वाईट वाट म्हणजे दुसऱ्याच्या गाजलेल्या नांवाची नक्कल. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें तालुक्याच्या गांवीं कापडाचें दुकान काढलें आणि एका प्रसिद्ध दुकानाच्या नांवांतलें एक अक्षर बदलून तें आपल्या पाटीवर घातलें. दोन वर्षांनीं वकिलाची नोटीस आली. पाटी, पिशव्या, पावतीपुस्तकें सर्व टाकावीं लागलीं. नवी पाटी लागली तेव्हां नेहमींच्या गिऱ्हाइकांस वाटलें, कीं दुकान दुसऱ्या कोणी घेतलें. ह्या सर्व खर्चांत त्याच्या वडिलांच्या शिलकेचा मोठा भाग गेला. त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ होतें असें नाहीं. नव्या दुकानास कोणी ओळखत नाहीं, मग ओळखीच्या नांवाचा थोडा आधार घेतला तर बिघडलें कोठें, असें तो विचारी. ह्यावर आमचें उत्तर असें, कीं चुकून आलेलें गिऱ्हाईक चूक कळल्यावर फसल्याची भावना घेऊन बाहेर पडतें. आपण चांगला माल दिला तर श्रेय मूळ दुकानास, वाईट दिला तर दोषही त्यालाच. मग राबणाऱ्याच्या पदरीं काय उरलें?

एक-दोन अक्षरें बदललीं म्हणजे कायद्यांतून सुटलों, हाही भ्रमच आहे. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें 'अमृतधारा' व 'लक्ष्मणधारा' ह्या दोन औषधांच्या नांवांचा वाद आला होता. अमृत आणि लक्ष्मण ह्यांचे अर्थ निराळे खरे. परंतु साधें गिऱ्हाईक शब्दाची फोड करीत बसत नाहीं, तें अर्धवट स्मरणावर व एकंदर उच्चारावर माल मागतें, सबब ह्या नांवांत फसगत होण्याजोगें साम्य आहे, असें न्यायालयानें ठरविलें. लक्ष्मणधारेची विक्री १९२३ पासून चालू असून तें ठाऊक असतां अमृतधारावाल्यांनीं हरकत घेतली नव्हती, एवढ्यामुळें तिला उत्तर प्रदेशापुरती मुभा मिळाली.

थोर पुरुषांचें नांव घेणेंही आम्हांस पसंत नाहीं. त्यांत भक्ति असते हें आम्ही जाणतों. पण उधारीचे तंटे आणि जुन्या मालाच्या सवलती ज्या पाटीखालीं चालावयाच्या, तेथें तें नांव शोभत नाहीं. छत्रपति शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू ह्यांचीं नांवें केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीवांचून व्यापारासाठीं वापरण्यास १९५० च्या कायद्यानें मनाई आहे. महाराष्ट्रांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें मद्याच्या दुकानांस थोर व्यक्तींचीं किंवा गडकिल्ल्यांचीं नांवें देण्यासही बंदी झाली.

ह्याच दुरुस्तीनें राज्यांतील लहानमोठ्या सर्व दुकानांची पाटी मराठींत, देवनागरी लिपींत असावी, आणि तींतील मराठी अक्षरें इतर लिपींतील अक्षरांहून लहान नसावीं, असें ठरविलें. सप्टेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही त्यासाठीं दुकानदारांस दोन महिन्यांची मुदत दिली होती. अक्षरें मराठी झालीं म्हणजे नांव मराठी झालें असें नव्हे. पण ह्या बाबतींत आम्ही सोंवळे नाहीं. 'स्टोअर्स', 'मेडिकल' हे शब्द आतां आमच्या आजीबाईंच्याही तोंडीं आहेत. कसोटी एकच: नांव ऐकणाऱ्यास पहिल्या खेपेस कळलें पाहिजे. तें फोनवरून एखाद्या नातलगास सांगून पाहावें, आणि तिसरींतल्या मुलाकडून लिहवून घ्यावें. दोनदां सांगावें लागलें तर तें नांव सोडून द्यावें.

नांव मनांत ठरल्यावर पाटी रंगविण्यापूर्वीं व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाची यादी पाहावी. ती इंटरनेटवर कोणासही विनामूल्य पाहतां येते. आपल्या धंद्याच्या वर्गांत तसलें नांव आधींच असल्यास दुसरें शोधावें. नसल्यास आपल्या नांवाची नोंद करावी. ती दहा वर्षें टिकते आणि पुन्हां वाढवितां येते. दुकानाचा परवाना मिळाला म्हणजे नांवही आपलें झालें, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे.

इतकें सर्व केल्यावरही नांव हें रिकामें भांडेंच असतें. 'बाटा' हें आतांच्या चेक प्रजासत्ताकांतील झ्लीन गांवच्या एका जोडे करणाऱ्या घराण्याचें आडनांव. त्या घराण्यांतील भावंडांनीं १८९४ सालीं तेथें कारखाना काढला, आणि पुढें त्यांचा माल हिंदुस्थानांतही होऊं लागला. आज आमच्या खेड्यांतील शेतकऱ्यास त्या शब्दाचा मूळ पत्ता ठाऊक नसतो. त्याला फक्त पायांत टिकलेला जोडा ठाऊक असतो, आणि त्याच्या मनांत तोच त्या नांवाचा अर्थ होऊन बसला आहे.

तेव्हां विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं जो कोणी उद्यां दुकान काढील, त्यानें साधें, खरें आणि स्वतःचेंच नांव निवडावें, व आपल्या मुलाबाळांनीं तें अभिमानानें पुढें चालवावें अशा रीतीनें त्याखालीं तराजू धरावा. पालकांनींही मुलाच्या हातीं पैसे ठेवतांना पाटीवर काय लिहिणार, हा प्रश्न त्यास अगोदर विचारावा.