कोपलेला निसर्ग आणि आपण प्रेक्षक

भयपटांविषयीं वडीलधाऱ्यांचें मत सहसा प्रतिकूल असतें. त्यांनीं झोप उडते, मन दुबळें होतें आणि अभ्यासाचा वेळ वायां जातो, असे तीन आक्षेप आपण नेहमीं ऐकतों. ते सर्वस्वीं खोटे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि पशु, पक्षी किंवा समुद्र मनुष्यावर उलटल्याचें दाखविणाऱ्या चित्रपटांविषयीं आमचा आक्षेप निराळा आहे. ते पाहून आपण भितों हें वाईट नव्हे. आपण भलत्यालाच भितों, हें वाईट.

१९५४ सालचा 'गॉडझिला' हा जपानी चित्रपट घ्या. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत अमेरिकेनें बिकिनी बेटांत हायड्रोजन बाँबची चांचणी केली. तिची राख एका जपानी मच्छीमार नौकेवर पडून तिच्यावरील २३ खलाशांस बाधा झाली व सप्टेंबरांत त्यांपैकीं एक मृत्यु पावला. नोव्हेंबरांत हा चित्रपट पडद्यावर आला. त्यांतील अजस्र प्राण्यास समुद्रांतून उठवितात त्या बाँबच्या चांचण्याच. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनीं राक्षस दाखविला खरा, पण बोट रोखलें तें मनुष्याकडे.

१९७५ सालच्या 'जॉज' या अमेरिकन चित्रपटांत, आपल्याकडील मुशीच्या कुळांतला एक प्रचंड शार्क मासा माणसें मारतो. परंतु धोका ठाऊक असूनहि, धंदा बुडेल म्हणून किनारा खुला ठेवणारा नगराध्यक्ष तेथें कमी अपराधी नाहीं. प्रेक्षक मात्र घरीं जातांना त्याला विसरले आणि शार्कचा द्वेष तेवढा घेऊन गेले. मूळ कादंबरीचे लेखक पीटर बेंचली यांस याचा पुढें पश्चात्ताप झाला व शार्कच्या रक्षणासाठीं ते अनेक वर्षें झटले. शार्कमुळें दरसाल मरणारीं माणसें थोडकीं. माणसांच्या हातून मरणारे शार्क मात्र कोट्यवधि!

१९६३ सालच्या 'द बर्ड्स' मध्यें पक्षी गांवावर तुटून पडतात, पण त्याचें कारण हिचकॉक सांगत नाहींत. १९६१ सालीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्रपक्षी खरोखरच घरांवर येऊन आदळले होते. शास्त्रज्ञांनीं त्या काळचे जपून ठेवलेले सागरी नमुने पुढें तपासले, तेव्हां सूक्ष्म शेवाळांतील विष हें त्याचें बहुधा कारण असावें असें दिसून आलें. म्हणजे ते पक्षी कोपलेले नव्हते; विषानें भांबावलेले होते.

कोणी म्हणेल, करमणुकींत एवढा विचार कशाला? पण पडद्यापुढें लागलेली संवय घरींहि येते. परसांत साप निघाला कीं तो विषारी आहे कीं बिनविषारी हें न पाहतां आपला हात काठीकडे जातो. म्हणून हे चित्रपट पाहूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. अवश्य पाहावेत, परंतु बाहेर पडतांना प्रत्येकानें स्वतःस विचारावें, "येथें आगळीक प्रथम कोणीं केली?"

पवित्र शास्त्राप्रमाणें देवानें मनुष्याला बागेंत ठेवलें तें ती राखण्याकरितां. ती बाग जर राखणदारावरच उलटली, तर चौकशी प्रथम राखणदाराची व्हावयास हवी, असें आमचें नम्र मत आहे.